मध्यवस्तीतला शेतकरी आठवडे बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या एका शेतकरी बाजाराची व्यवस्था आम्ही काही जण पाहतो. आपल्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी किंवा शहराच्या ऐन मध्यावर असा बाजार सुरू करायचाय, असे फोन सारखे येतात आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. ज्या प्रश्नांनी आम्हाला जास्त छळलं त्यांची उत्तरं लांबली आहेत.

भाजी मंडईतही मिळते आणि दारावरही येते. मग हा बाजार वेगळा कसा?

टेबलामागे जो उभा आहे त्याने किंवा त्याच्या गटाने तो माल पिकवलेला असतो. फरक एवढाच. ताजेपणा, भाव, ओळखपाळख हे सगळं त्यातूनच येतं. ही एक अट सुटली की उरतो तो रस्त्याकडेचा आणखी एक भाजीबाजार. तसे बाजार पुण्याला कमी नाहीत.

ही कल्पना सरकारची की बाहेरून आलेली?

आठवड्याचा बाजार आपल्याकडे जुनाच आहे. पुण्यातल्या वारांच्या पेठांना त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरूनच नावं पडली, असं सांगतात. शेतकऱ्याने मधला माणूस वगळून शहरात थेट विकावं, हा प्रयोग मात्र अलीकडचा. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात ‘रयतू बाजार’ आणि तामिळनाडूत ‘उळवर संदै’ आले. महाराष्ट्रात २०१६ साली राज्याच्या कृषी पणन मंडळामार्फत ‘संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान’ सुरू झालं. अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या माळ्याचं नाव त्याला दिलं, हे आम्हाला फार आवडलं. मुंबईत वांद्र्याला कविता मुखी यांनी त्याच्याही आधी, २०१० साली, सेंद्रिय मालाचा शेतकरी बाजार भरवला होता.

आंध्र आणि तामिळनाडूकडून एक गोष्ट जरूर उचला. तिथे शेतकऱ्याला ओळखपत्र असतं आणि ते शेती तपासून दिलं जातं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फलक आधी लागतो आणि तपासणी राहून जाते.

बाजार समितीचा परवाना लागतो का?

फळं आणि भाजीपाल्याला नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना नियमनमुक्त केलं, त्यामुळे समितीच्या आवाराबाहेरच्या विक्रीवर तिचं नियंत्रण राहिलेलं नाही. जागेची परवानगी मात्र लागते. मैदान महापालिकेचं असेल तर पालिकेची, सोसायटीचं असेल तर सोसायटीची. रस्त्याच्या कडेला बसायचं तर वाहतूक पोलीस आणि अतिक्रमण विभाग दोघांनाही आधीच लेखी कळवा. ‘तोंडी सांगितलंय’ हे वाक्य अतिक्रमणाची गाडी आल्यावर काही कामाचं नसतं. आम्ही ते एकदा वापरून पाहिलंय.

जागा कशी निवडायची?

लोक आधी पार्किंग बघतात. तुम्ही आधी स्वच्छतागृह बघा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त टेबलांवर बायका असतात. पहाटे चारला उठून त्यांनी माल काढलेला असतो आणि रात्री नऊपर्यंत त्या उभ्या असतात. पहिल्या वर्षी आमच्या मैदानाजवळ स्वच्छतागृह नव्हतं. चांगला माल आणणाऱ्या दोन बहिणी तीन शनिवार आल्या आणि यायच्या बंद झाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘गाडीचं जमत नाही.’ खरं कारण आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. दिवसभर पाणी न पिता उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं.

त्यानंतर नळ, दिवे आणि टेंपो आत येऊन वळेल एवढी वाट. पालिकेच्या शाळेचं मैदान शनिवारी दुपारनंतर रिकामं असतं, त्यासारखी जागा नाही. गावाबाहेर ऐसपैस जागा फुकट मिळत असेल तरी भुलू नका. पिशवी हातात घेऊन पायी येणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला येतं. गाडी काढून येणारं महिन्यातून एकदा येतं आणि आलं की फोटो काढतं.

वार आणि वेळ कोणती?

आसपासच्या गावांचे आठवडे बाजार ज्या वारी असतात तो वार टाळा, नाहीतर तुमचे शेतकरी दोन ठिकाणी ओढले जातात. सकाळी काढलेली पालेभाजी त्याच दिवशी विकायची तर दुपारी चार ते रात्री साडेआठ ही वेळ बरी. एकदा वार ठरला की बदलू नका. सलग दोन शनिवार बाजार भरला नाही, तर गिऱ्हाइकाची सवय पुन्हा बसायला दोन महिने जातात.

किती शेतकरी असले म्हणजे सुरुवात करावी?

पंधरा टेबलं पुरतात, पण पंधरांत बारा जण टोमॅटोवाले नकोत. आधी कागद घेऊन बसा आणि एका घराला आठवड्याला काय काय लागतं ते लिहा: दोन-तीन पालेभाज्या, दोन-तीन फळभाज्या, कांदा, लसूण, मिरची, आलं, लिंबू, एखादं फळ. मग त्यातलं कोण काय पिकवतो ते शोधा. पुण्याला हे सोपं जातं. पुरंदरहून वाटाणा, अंजीर आणि सीताफळ येतं. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो आणि मावळचा इंद्रायणी तांदूळ आहेच. मुळशीचा आंबेमोहोर मिळाला तर त्यासाठी रांग लागते. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, त्याची पाटी लावा. वाचणारे वाचतात.

एकट्या शेतकऱ्यापेक्षा पाच-सहा जणांचा गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असली तर उत्तम. दर शनिवारी सगळ्यांनी शेत सोडून यायची गरज नसते. पाळीपाळीने दोघे येतात आणि सगळ्यांचा माल एकाच छोट्या हत्तीत येतो.

शेतकऱ्याला खरंच जास्त पैसे मिळतात का?

मिळतात, पण लोक समजतात तेवढे नाही. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू.

एका शेतकऱ्याचा दहा कॅरेट, म्हणजे दोनशे किलो टोमॅटो आहे. मार्केट यार्डात, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, किलोला १५ रुपये भाव लागला तर पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, ३,००० रुपयांची. अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची असते, पण गाडीभाडं, हमाली, तोलाई जातेच. समजा त्यात ४०० गेले. हातात २,६०० आले. माल गाडीत टाकला की माणूस घरी मोकळा.

आता तोच माल आमच्या बाजारात. ३० रुपयांनी १४० किलो विकला, ४,२०० झाले. आठ वाजता भाव निम्मा करून ४० किलो काढला, ६०० आले. वीस किलो उरला किंवा मऊ पडला. एकूण ४,८००. यातून गाडीचा वाटा ५००, जागेचे १५०, दोन माणसांचा दिवस १,०००, पिशव्या आणि चहापाणी १००. राहिले ३,०५०. म्हणजे दोन माणसं दिवसभर उभी राहिली आणि फायदा यार्डापेक्षा साडेचारशे रुपयांचा.

आम्ही हा हिशेब नव्या शेतकऱ्याला पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडून दाखवतो. काही जण तिथेच उठून जातात. पण राहतात ते टिकतात, कारण पुढची गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली असते. गाडी, जागा, माणसं हा खर्च एका भाजीला जेवढा, तेवढाच सात भाज्यांना. टोमॅटोशेजारी त्याच टेबलावर मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार आणि चार डझन गावरान अंडी ठेवली की साडेचारशेचे दोन-तीन हजार होतात. थोडं थोडं पण नाना तऱ्हेचं पिकवणाऱ्या अर्ध्या-एक एकरवाल्याला हा बाजार मानवतो. पाच एकर टोमॅटोवाल्याने यार्डच धरावं आणि आमच्याकडे फार तर दोन कॅरेट पाठवावीत.

भाव कोण ठरवतं?

शेतकरीच ठरवतात, पण बाजार सुरू व्हायच्या आधी, सगळे मिळून. त्या दिवशीचा यार्डातला घाऊक भाव आणि जवळच्या मंडईतला किरकोळ भाव फळ्यावर लिहायचा आणि त्यांच्यामधला एक आकडा धरायचा. आंध्रच्या रयतू बाजारातही साधारण हेच सूत्र आहे. ज्याचा माल उजवा असेल त्याने दोन रुपये वर घ्यावेत. शेजारच्याचं गिऱ्हाईक तोडण्यासाठी सहा वाजताच भाव पाडणं मात्र आम्ही चालू देत नाही. साडेसातनंतर ज्याचा तो.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणं आहे. मॉलमध्ये स्टिकरवरची किंमत निमूट देता आणि इथे कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांची घासाघीस करता! करा, बाजार आहे. फक्त भवानीच्या वेळी नको.

व्यापारी शेतकरी म्हणून घुसतात. त्यांना कसं ओळखायचं?

सातबारा सगळेच मागतात. पण सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, टेबलावरचा माल कुणाचा ते सांगत नाही. म्हणून त्यावरची पीक नोंद बघा. ई-पीक पाहणी आल्यापासून शेतकरी ती मोबाइलवरूनच करतो. त्याच्यापुढे, निदान एकदा, शेतावर जा. आम्ही दर हंगामाला प्रत्येकाच्या शेतावर जातो. जेवण चांगलं मिळतं, हे वेगळं.

बाकी सवयीने कळतं. जानेवारीत ज्याच्या टेबलावर सगळंच असतं आणि सगळं एकाच आकाराचं असतं, त्याच्याकडे जरा जास्त वेळ उभं राहायचं. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका जुन्या शेतकऱ्याच्या टेबलाखाली दोन कॅरेट उलटी घातलेली दिसली. सहज सरळ केली, तर बाजूवर रंगाने एका अडत्याची अक्षरं होती. त्याचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं. आठ दिवसांच्या पावसाने भेंडी गेली होती. टेबल रिकामं ठेवलं तर जागा जाईल या भीतीने पहाटे यार्डातून भेंडी उचलून आणली होती. त्याला काढून टाकावं असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. दोन तास वाद झाला आणि शेवटी नियमच बदलला. माल गेला असेल तर टेबल रिकामं ठेवा, महिनाभर जागा कुठे जात नाही आणि त्या महिन्याचं भाडंही नाही. ही भीती आम्हीच घातली होती, हे कबूल करायला हवं.

जो दर आठवड्याला यार्डातूनच आणतो त्याला मात्र दुसऱ्यांदा समज देत नाही.

बटाटा इथे वर्षभर पिकत नाही. मग ठेवायचा नाही का?

आंबेगाव-खेडकडे, सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, तेव्हा तोच. एरवी बाहेरचा बटाटा ठेवायला आम्ही एका गटाला परवानगी दिली आहे आणि त्यावर ठळक पाटी असते: ‘बाहेरून आणलेला माल’. बटाट्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा मंडईत गेलं की बाकीचंही तिथूनच घेऊन येतं. कडवे लोक आम्हाला यावरून बोलतात. बोलू देत.

मंडईतल्या आणि हातगाडीवरच्या विक्रेत्यांच्या पोटावर पाय येत नाही का?

येऊ शकतो, आणि हा प्रश्न झटकून टाकू नये. पुण्याची मंडई बांधायचं ठरलं तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव लागलं! बाजार कुणासाठी, हा वाद शहरात नवा नाही.

फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. आम्ही जागा ठरवताना आसपासच्या गाडीवाल्यांना बोलावलं होतं. दोघांचा विरोध होता, एक जण म्हणाला, ‘आठवड्यातनं एक दिवस ना? मग मी त्या दिवशी नारळपाणी लावतो.’ तो आता फाटकाशेजारी उभा असतो आणि शनिवारी त्याचा धंदा आमच्या निम्म्या टेबलांपेक्षा बरा होतो. रोज भरणारा शेतकरी बाजार काढायच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. शेतकऱ्यालाही रोज यायला जमत नाही, मग तिथे व्यापारीच येतो.

जागेचं भाडं किती घ्यावं?

झाडलोट, दिवे, तंबू आणि एका माणसाचा पगार निघेल एवढंच. आम्ही टेबलाला दिवसाला १५० रुपये घेतो. लिलाव करू नका. लिलावात जास्त बोली लावणारा शेतकरी नसतो.

वजनकाट्याचे नियम काय?

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी वैधमापन शास्त्र विभागाकडून करून शिक्का घ्यावा लागतो. सगळ्यांचे काटे एकाच दिवशी करून घेतले की हेलपाटे वाचतात. फाटकाजवळ एक तपासणीचा काटा ठेवा, तिथे कुणीही आपली पिशवी मोजून पाहावी. आमच्याकडे तो काटा बहुतेक वेळ रिकामाच असतो.

‘सेंद्रिय’ अशी पाटी लावता येते का?

इथे भल्याभल्यांची गल्लत होते. सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. पीजीएस-इंडियात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासून हमी देतो. एनपीओपीमध्ये त्रयस्थ संस्था तपासते आणि निर्यातीला तेच लागतं. सेंद्रिय अन्नाबद्दलच्या २०१७ च्या नियमांनी थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत दिली आहे. ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लावायचं तर मात्र प्रमाणपत्र हवंच.

सवलत असली तरी आमच्या बाजारात कागद नसेल तर ‘सेंद्रिय’ हा शब्द फळ्यावर लिहू देत नाही. त्याऐवजी काय केलं ते लिहा म्हणतो: ‘या वांग्यावर दोन फवारण्या, शेवटची बारा दिवसांपूर्वी.’ ही पाटी लावायला शेतकरी आधी लाजले. गिऱ्हाईक पळेल असं त्यांना वाटत होतं. झालं उलटंच, त्या टेबलापाशी लोक थांबून प्रश्न विचारायला लागले.

लोणची, पापड, काकवी विकता येते का?

येते. स्वतः पिकवलेली कच्ची भाजी-फळं विकायला शेतकऱ्याला अन्न परवाना लागत नाही, पण प्रक्रिया केली की एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक वेष्टनावर हवा. बचत गटांना अर्ज भरायला मदत करा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. अशा टेबलांची संख्या मात्र एकूण टेबलांच्या पाचव्या हिश्शावर जाऊ देऊ नका. नाहीतर दिवाळीपर्यंत बाजाराचं प्रदर्शन झालेलं असेल.

पावसाळ्यात बाजार बंद ठेवायचा का?

मुळीच नाही. तंबू घट्ट बांधा, पालेभाजी कमी येणार हे धरून चाला आणि रानभाज्यांना पुढची रांग द्या. जुलै-ऑगस्टमध्ये मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली घेऊन येतात. यातलं काहीच कुणी पेरलेलं नसतं. शहरात वाढलेल्या मुलीने फोडशीची जुडी उचलून ‘ही कांद्याची पात का?’ असं विचारलं की समोरची मावशी हसते, जुडी तिच्या हातातून घेते, पांढऱ्या देठाजवळची माती अंगठ्याने काढते आणि मधला कडक दांडा उपटून दाखवते. ‘ह्यो टाकायचा. बाकी बारीक चिर, भिजवलेली डाळ घाल.’ तेवढ्यात मागे चार जणी ऐकत उभ्या राहिलेल्या असतात आणि पाचही जणी जुड्या घेऊन जातात. या मावशीला फलक, जाहिरात काही लागत नाही. तिला फक्त परतीची शेवटची एसटी चुकणार नाही एवढं बघावं लागतं, म्हणून तिचं टेबल आम्ही सातला मोकळं करतो.

सणांचं गणित आधीच मांडून ठेवा. श्रावणात रताळी आणि केळी, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाविना आलेल्या भाज्या, पितृपंधरवड्यात गवार, भोपळा, काकडी, अळूची पानं. पितृपंधरवड्यात गवारीचा भाव असा चढतो की यार्डवालेही डोळे विस्फारतात, म्हणून जूनमध्येच कुणी किती गवार लावायची ते बैठकीत ठरवतो. भोगीच्या आधीचा शनिवार आमचा वर्षातला सगळ्यात मोठा. वालपापडी, हरभऱ्याची डहाळी, गाजर, बोरं, उसाचे करवे, तीळ, सगळं एकाच फेरीत मिळतं म्हणून लोक येतात.

उरलेल्या मालाचं काय करायचं?

जवळच्या दोन खाणावळींशी बोलून ठेवा. साडेआठला त्यांचा माणूस येतो आणि उरलेलं सरसकट ठरलेल्या भावाने उचलतो. अगदीच उरलं तर वसतिगृहाला. घरी परत नेलेली पालेभाजी फक्त गाईच्या कामाची.

पिशव्या आणि कचरा?

राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. आम्ही फाटकाजवळ जुन्या साड्यांच्या पिशव्या दहा रुपयांना ठेवतो, परत आणली की दहा रुपये परत. मैदान त्याच रात्री झाडून द्या. सोमवारी मुख्याध्यापकांना कोबीचा पाला दिसला की पुढच्या वर्षीची परवानगी गेली म्हणून समजा.

मोबाइलवरून पैसे चालतात का?

चालतात. क्यूआर कोड प्रत्येकाचा स्वतःचा असू द्या, बाजाराचा एकच नको. वाटपाच्या भांडणातून चांगले गट फुटलेले आम्ही पाहिले आहेत.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

दिवाळी झाली की. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भाजी भरपूर आणि स्वस्त असते, गिऱ्हाईक खूश असतं आणि शेतकऱ्याला हात बसवायला वेळ मिळतो. मे महिन्यात सुरू केलेले दोन बाजार आमच्या डोळ्यांदेखत जूनमध्ये बंद पडले. पहिल्या शनिवारी फाटकाशी एक माणूस सुट्या पैशांचा डबा घेऊन बसवा, निदान दोन हजारांची दहा-वीसची मोड त्यात असू द्या. आमच्या पहिल्या बाजारात मोड सहा वाजताच संपली आणि पुढचे दोन तास शेतकरी पाच रुपयांऐवजी कढीपत्ता देत होते.